अडीचचा कंडेन्सर

मे महिन्यात हॉलमधला पंखा रुसला. रेग्युलेटर पाचवर आणि पंखा मात्र पाती मोजून घ्या म्हणत फिरतोय. बायकोचं मत पडलं नवाच घेऊन टाकू, माझं मत कंडेन्सर गेलाय, आणि आमच्या घरात पंखा, मिक्सर, गीझर यातलं काहीही बिघडलं की 'तुम्ही बीएस्सी फिजिक्स ना' याची मला आठवण करून दिली जाते (बँकेत चिकटून पंचवीस वर्षं होत आली तरी), त्यामुळे मेन स्विच बंद केला, स्टूल ओढलं आणि चढलो वर.

जुना काढून खिशात टाकला आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो.

"पंख्याचा कपॅसिटर द्या हो."

"कंडेन्सर ना? अडीचचा?"

अडीच म्हणजे अडीच मायक्रोफॅरड, कंडेन्सर किती चार्ज धरू शकतो त्याचं माप, डबीवर एमएफडी असं छापलेलं असतं. कॉलेजात असताना कंडेन्सर म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात हसायचो, हा गॅरेजवाल्यांचा शब्द, पुस्तकात कपॅसिटर आहे, मराठी पुस्तकात तर चांगलं भारदस्त धारित्र आहे. खूप उशिरा कळलं की कंडेन्सर हा शब्द व्होल्टाचा. तोच तो बॅटरीवाला अलेस्सांद्रो व्होल्टा, त्याने १७८२ साली हे नाव वापरलं, कपॅसिटर मागून आलं. म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार थेट इटलीतल्या मूळ घराण्याचा शब्द वापरत होता आणि अडाणी मीच होतो.

नवा बसवला, पंखा सुसाट. विषय खरं तर इथंच संपायचा, पण जुना खिशातच राहिला होता आणि मुलीचं मल्टिमीटर टेबलावर पडलेलं, म्हणून सहज त्याचे दोन्ही पाय आधी स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केले आणि लावून बघितलं. १.६. अडीचचा १.६ झाला होता. जळला नाही, फुगला नाही, बाहेरून अगदी नव्यासारखा, फक्त आतून कमी झालेला. असं कसं कमी होतं हो? नळ गळतो तसं गळलं म्हणावं तर आत गळण्यासारखं काही नाही.

मग वाचत बसलो. आत असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच, अतिशय पातळ फिल्म, जाडी काही मायक्रॉन, आणि तिच्यावर धातूचा त्याहून कितीतरी पातळ थर. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची. पान म्हणजे धातू आणि बेसन म्हणजे प्लॅस्टिक, फक्त इथे पानाला पान कुठेही लागता कामा नये. फिल्ममध्ये एखादी जागा कच्ची असली तर तिथे बारीक ठिणगी पडते आणि त्या ठिणगीच्या उष्णतेने आजूबाजूचा धातूचा थर उडून जातो, वाफ होतो, म्हणजे भोकाच्या भोवती धातूच उरत नाही आणि शॉर्ट आपोआप मिटतो. सेल्फ हीलिंग म्हणतात याला. दुखणं बरं होतं पण दरवेळी गुंठाभर जमीन सोडून द्यावी लागते. अशा शेकडो बारीक ठिणग्या वर्षानुवर्षं पडत राहिल्या आणि आमचा पंखा हळू झाला.

यात ठिणगी पडते हेच मला आधी पटत नव्हतं. २३० व्होल्टला कसली ठिणगी? म्हणून पेन घेतलं. २३० हा सरासरीसारखा आकडा झाला, शिखर ३२५ च्या आसपास जातं. फिल्म समजा पाच मायक्रॉन धरली तर ३२५ व्होल्ट भागिले पाच मायक्रॉन, म्हणजे मीटरला साडेसहा कोटी व्होल्ट. हवा फुटायला, म्हणजे चटकन ठिणगी पडायला, मीटरला ३० लाख व्होल्ट पुरतात. आणि इथे त्याच्या वीसपट. ही भानगड माझ्या डोक्यावर चौदा वर्षं लटकत होती आणि मी तिच्याखाली दुपारची झोप काढत होतो. व्होल्ट मामुलीच, फट बारीक. फट बारीक असली की मामुली व्होल्टसुद्धा भयंकर होतात.

फट हा शब्द डोक्यात बसला तो तिथे. कारण कॉलेजात माझं सगळं लक्ष प्लेटांकडे होतं, म्हणजे फटीच्या दोन बाजूंना चार्ज धरणाऱ्या धातूच्या दोन थरांकडे.

१९९७. एफवाय बीएस्सी, सांगलीकडचं एक कॉलेज, प्रॅक्टिकलचं नाव 'कंडेन्सरचे चार्जिंग व डिस्चार्जिंग'. एक हजार मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, शंभर किलोओहमचा रेझिस्टर, व्होल्टमीटर, स्टॉपवॉच. एकाने घड्याळ बघत 'हं' म्हणायचं, दुसऱ्याने काटा बघून आकडा सांगायचा आणि लिहायचा, दर दहा सेकंदाला. आम्ही दोन-तीन मिनिटं केलं असेल तेवढ्यात लाइट गेली. परत पहिल्यापासून करायचा कंटाळा, कँटीनमध्ये वडा गरम, आणि फॉर्म्युला तर पाठ. मग काय, कॅल्क्युलेटर काढला आणि सगळी रीडिंग तिथंच बसून तयार केली, आलेख असा देखणा आला की बास. सरांनी जर्नल उघडलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "काय रे, तुमचा कंडेन्सर लय शिकलेला दिसतोय. एकदा पण चुकत नाही."

सही केली. तेच जास्त लागलं.

तेव्हा मला वाटायचं कपॅसिटर म्हणजे हंडा. नळ सोडला, चार्ज आत पडतोय, भरला की थांबायचं. पण हंडा शेवटपर्यंत एकाच वेगाने भरतो आणि कपॅसिटर तसा भरत नाही, सुरुवातीला धडाधड आणि नंतर जीव जाईस्तोवर हळू. त्याला जास्त बरोबर उदाहरण जत्रेच्या दिवसातल्या एसटीचं. पहिले दहा जण आरामात चढतात, मग आत गेलेलेच दार अडवायला लागतात, 'अहो जागा नाही, मागून येतीय दुसरी'. जितके आत तितका विरोध. रेझिस्टर म्हणजे दार किती अरुंद, कपॅसिटन्स म्हणजे गाडी केवढी, आणि दोघांचा गुणाकार केला की टाइम कॉन्स्टंट. तेवढ्या वेळात ६३ टक्के. दुप्पट वेळात साडेशहाऐंशी, पाचपट वेळात ९९ च्या वर. पूर्ण शंभर कधीच नाही, कागदावर तरी नाही.

पण एसटीपण एका जागी फसते. गाडीत माणसं खरंच चढतात हो. कपॅसिटरमध्ये एका प्लेटवर जेवढे इलेक्ट्रॉन जास्त येतात तेवढेच्या तेवढे दुसऱ्या प्लेटवरून निघून जातात. बेरीज रिकामा असताना शून्य आणि 'भरलेला' असताना पण शून्य. मग भरलं काय? हा प्रश्न तीन वर्षांत मला एकदाही पडला नाही आणि तरी फर्स्ट क्लास मिळाला, यातून काय समजायचं ते समजा.

प्रश्न पडला तो मुलीमुळे, आणि तोही आडवाटेने. ती बारावीला, सीईटीची तयारी. एका रात्री वही घेऊन आली. "बाबा, दोन प्लेट लांब नेल्या तर मधलं इलेक्ट्रिक फील्ड, म्हणजे चार्जची ओढ, कमी व्हायला पाहिजे ना? इथे फॉर्म्युल्यात अंतर नाहीच आहे. सिग्मा बाय एप्सिलॉन नॉट, चार्ज किती दाट भागिले एक ठरलेला आकडा, संपलं."

मी म्हणालो, "हो, ते तसंच असतं."

"का?"

"गॉस लॉ."

तिने माझ्याकडे जे बघितलं ते सरांच्या चष्म्यावरून बघण्यासारखंच होतं.

दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या मागच्या चुन्याने रंगवलेल्या लांबलचक भिंतीशेजारून चालताना सापडलं. दिवा लांब गेला की अंधुक होतो, बरोबर, कारण तो एक ठिपका आहे. पण भिंतीपासून दोन पावलं मागे सरका, भिंत अंधुक होते का? नाही. भिंतीचा प्रत्येक तुकडा लांब गेला खरा, पण नजरेत आता जास्त तुकडे मावतात, आणि वजाबाकी-बेरीज तंतोतंत जुळते. चार्ज पसरलेली मोठी सपाट प्लेट म्हणजे अशी भिंत. तिचं फील्ड लांब गेल्याने कमी होत नाही, निदान भिंत 'मोठी' वाटते आहे तोवर. दोन प्लेटा समोरासमोर, एक अधिक एक उणे, तर मधल्या जागेत दोघींचं फील्ड एकाच दिशेला म्हणून बेरीज होते, आणि बाहेर उलट दिशांना म्हणून सगळं कटून जातं. बाहेर जवळपास काही नाही. जे काय आहे ते फटीत, एकसारखं, ताणलेलं, फक्त कडांपाशी थोडं पोट सुटल्यासारखं बाहेर येतं.

मुलीला पटलं. मग तिने पुढचं विचारलं, आणि खरं सांगतो, हे मी कधी धड समजूनच घेतलं नव्हतं. बॅटरी काढून टाकली आणि चार्ज असलेल्या प्लेटा हाताने दुप्पट लांब ओढल्या तर काय होईल? चार्ज तोच, कारण जायला वाट नाही. फील्ड तेच, भिंतीच्या न्यायाने. पण व्होल्टेज म्हणजे फील्ड गुणिले अंतर, म्हणजे व्होल्टेज दुप्पट, म्हणजे साठलेली ऊर्जा दुप्पट. कुठून आली? ओढणाऱ्या हातातून. अधिक आणि उणे एकमेकांना खेचतायत, त्यांना लांब न्यायला जोर लावावा लागतो. बरं, आली, आणि गेली कुठे? प्लेटांवर तर काहीच बदललं नाही, तेवढेच इलेक्ट्रॉन, तेवढेच दाट. बदललं एवढंच, फट दुप्पट झाली, फील्डने भरलेली जागा दुप्पट झाली.

म्हणजे ऊर्जा त्या मोकळ्या जागेत आहे!

मी वहीवर तीनदा हिशोब केला. प्लेटा म्हणजे नुसते कुंपणाचे खांब, शेत मधे. (फील्डला क्षेत्र म्हणतात आणि शेत हा शब्द क्षेत्रावरूनच आला, हे मराठीत फिजिक्स शिकलो असतो तर पहिल्या दिवशी डोक्यात आलं असतं.)

हे कळल्यावर जुन्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. लायडनची बाटली घ्या. १७४६ च्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडनला म्युशेनब्रुक नावाचे प्रोफेसर बाटलीत पाणी, पाण्यात तार, बाटली हातात, असा प्रयोग करत होते, आणि असा शॉक बसला की त्यांनी पॅरिसला कळवलं, फ्रान्सचं राज्य दिलं तरी परत असं करणार नाही. त्याच्या काही महिने आधी जर्मनीकडे क्लाइस्ट नावाच्या पाद्रीबाबांनाही हाच प्रसाद मिळाला होता. सगळ्यांना वाटलं वीज पाण्यात साठते, बाटली म्हणजे हंडाच की! आणि बाटली धरणारा हात हीच दुसरी प्लेट आहे हे कुणाच्या लक्षातच येईना. फ्रँकलिनने चार्ज केलेल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं तर त्यात काही नाही, जुन्या बाटलीत ताजं पाणी घातलं तर परत शॉक. म्हणाला, सगळं काचेत आहे. त्याचं म्हणणं पुढे बरंच दुरुस्त झालं, पण बोट बरोबर जागी ठेवलं होतं, मधल्या जागेवर.

आणि आमच्या गल्लीत जुने टीव्ही दुरुस्त करणारे काका होते, ते पिक्चर ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हर सरकवून आधी 'चट्ट' असा आवाज काढायचे आणि मगच हात घालायचे. टीव्हीची वायर काढून बाजूला ठेवलेली असायची तरी. ती ट्यूब म्हणजे काचेच्या आतून एक वाहक थर, बाहेरून एक वाहक थर, मधे काच, सरळ सरळ लायडनची बाटली, फक्त वीस-पंचवीस हजार व्होल्टवाली. लहानपणी आम्ही तो चट्ट ऐकायला गर्दी करायचो.

हातात मल्टिमीटर होतंच, म्हणून एका रविवारी डायनिंग टेबलावर कपॅसिटर बनवला. पोळ्या गुंडाळायची फॉइल, वहीच्या पानाएवढे दोन तुकडे, मधे मुलीच्या फाइलमधली पारदर्शक शीट. मीटर लावलं, तीन नॅनोफॅरडच्या आसपास. हिशोबाने येत होते नऊ-दहा. मग लक्षात आलं, फॉइलला सुरकुत्या, सगळीकडे हवा शिरलेली. वर मुलीचं फिजिक्सचं जाडजूड पुस्तक ठेवलं, आकडा चढला. केमिस्ट्री ठेवलं, अजून चढला. हाताने दाबलं की वर, सोडलं की खाली. अर्धा तास बाप-लेक टेबलावर पुस्तकं रचत होतो, मॅथ्सचे दोन्ही भाग ठेवल्यावर सहाच्या वर गेलं. फट कमी केली की कपॅसिटन्स वाढतो हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा लिहिलं असेल, तळहाताला ते त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

मुलीने लगेच विचारलं, एक फॅरड बनवायला केवढी फॉइल लागेल? एक मिलिमीटर हवेची फट धरली तर ११३ चौरस किलोमीटर. साडेदहा किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद पोळी. बायको म्हणाली, पुरे आता, डब्याला फॉइल शिल्लक ठेवा.

एक गोष्ट मात्र माझ्याच्याने सुटत नव्हती, पंख्यातून करंट जातो कसा? फिल्म तर इलेक्ट्रॉनला ओलांडता येत नाही. पंख्यात दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात, एका वाइंडिंगच्या वाटेत हा कंडेन्सर, त्यामुळे तिथला करंट वेळेत पुढे सरकतो, दोघांचं मिळून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंख्याला कळतं कुठल्या बाजूला फिरायचं. कंडेन्सर पूर्ण गेला की पंखा नुसता गुणगुणत बसतो, काठीने ढकलला तर ढकलाल तिकडे कसाबसा फिरतो. पण मधली फट कुणीच ओलांडत नाही. सेकंदाला पन्नास वेळा एका बाजूने ढकलाढकली, मग उलट बाजूने. १८६० च्या दशकात मॅक्सवेलने म्हटलं की फटीतलं बदलतं विद्युत क्षेत्र हेच करंटसारखं वागतं, त्याच्याभोवती तारेभोवती असतं तसंच चुंबकीय क्षेत्र असतं. पुस्तकात याला विस्थापन धारा म्हणतात आणि चार मार्काला विचारतात. त्या चार मार्कांतून पुढे प्रकाश, रेडिओ, हातातला मोबाइल सगळं निघालं, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तरी आम्ही वडा खायलाच गेलो असतो म्हणा.

मग जूनमध्ये एका रात्री, सगळे झोपल्यावर, मी ते प्रॅक्टिकल केलं. खरं. नऊ व्होल्टची बॅटरी, एक हजार मायक्रोफॅरड, शंभर किलोओहम. कपॅसिटर अंगठ्याएवढा, आतला इन्सुलेटरचा थर अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. मोबाइलवर स्टॉपवॉच, समोर वही. 'हं' म्हणायला कुणी नव्हतं.

दहा सेकंद, ०.७६. वीस, १.४६. तीस, २.०९. पहिल्या दहात ०.७६ आले, दुसऱ्या दहात ०.७०, तिसऱ्या दहात ०.६३. दार अडवायला सुरुवात. हिशोबाने शंभर सेकंदाला ६३ टक्के यायला हवे होते, आले ११२ ला, कारण असल्या कपॅसिटरवर लिहिलेला आकडा वीस टक्के इकडे-तिकडे चालतो. बॅटरी ९.२ ची, पण गाडी ८.९ च्या पुढे जाईना, थोडं मीटरच पितंय, थोडं कपॅसिटर आतून गळतोय. पाच मिनिटांनी ८.२९, दहा मिनिटांनी ८.८६. माझ्या कॉलेजच्या जर्नलमध्ये यातलं काहीच नव्हतं, ना गळती, ना वीस टक्के. तो कंडेन्सर खरंच लय शिकलेला होता.

साठलेली ऊर्जा काढली, ०.०४ जूल. चहाचा भरलेला कप दोन सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. आणि गंमत म्हणजे तेवढीच रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन गेली. बॅटरीने दिलं त्यातलं अर्धंच फटीत पोचतं. रेझिस्टर लहान घ्या, मोठा घ्या, दलाली पन्नास टक्केच, फक्त लहान असला तर झटकन कापतात आणि मोठा असला तर सावकाश. बँकेत इतकी वर्षं काढून असला पक्का दर मी दुसरीकडे बघितला नाही.

साडेबारा झाले होते. आवरायचं म्हणून बॅटरी काढली, कपॅसिटरचे दोन्ही पाय वायरने जोडून पाच-सात सेकंद शॉर्ट केले, मीटरवर शून्य. वायर काढली, वही मिटली, मीटर बंद करायला हात पुढे केला तर ०.०४. परत बघितलं, ०.०५. बॅटरी बाजूला पडलेली, काहीही जोडलेलं नाही आणि आकडा आपला आपण चढतोय. प्लेटा तर क्षणात रिकाम्या झाल्या होत्या, पण मधल्या थरात जे ताणलं गेलं होतं ते इतक्या लवकर सैल होत नाही, हळूहळू सुटतं आणि सुटता सुटता प्लेटांवर परत थोडा चार्ज उभा करतं. डायइलेक्ट्रिक अ‍ॅब्सॉर्प्शन, नाव नंतर सापडलं.

आतून आवाज आला, "अहो, झोपा की आता, उद्या बँक आहे ना?"

"आलो, दोन मिनिटं," म्हणालो आणि वही परत उघडली. ०.०९. ०.१०. दर दहा सेकंदाला एक, आणि यावेळी फॉर्म्युला पाठ नव्हता.